पाचजणींची हळद

माझ्या स्टुडिओत गायला येणाऱ्या बाईला मी सगळ्यात आधी बांगड्या काढायला लावतो. माइकला बांगडी ऐकू येते आणि एकदा आत शिरली की गाण्यातून निघत नाही. सुरतेत उधन्यात लेसपट्ट्यांच्या दुकानावर माझी खोली आहे. मागच्या बाजूला लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना. भिंतींना बाद साड्यांचे ताके उभे करून लावलेत, त्यामुळे खात्याची धडधड आत येत नाही आणि वाराही येत नाही. पंखा लावावा तर तोही रेकॉर्ड होतो. तेव्हा इथे गाणारा माणूस घामाघूम होऊनच बाहेर पडतो, वर माझी बोलणी खातो ते वेगळंच. लोक म्हणतात पंडितभाऊची जीभ तिखट आहे. असेल. पण धुळ्या-नंदुरबारपासून सुरतेपर्यंत लग्नात वाजणारी कितीतरी अहिराणी गाणी या खोलीतून गेलीत, तेव्हा थोडा तोरा मला शोभतो.

चंचल त्या गाण्यांची राणी होती. हे मी उगाच म्हणत नाही. तिचं गाणं लागलं की वरातीतले म्हातारेही टोपी हातात घेऊन नाचायचे. तिची एका खांद्यावर सोडलेली वेणी पाहून इकडच्या पोरींनी तशाच वेण्या घालायला सुरुवात केली. चाल लावायचा तिचा नवरा चेतन, व्हिडिओ काढायचाही तोच, आणि युट्यूबचं चॅनलही त्याच्याच नावावर. हिचा फक्त आवाज. तिचं एक हळदीचं गाणं तर इतकं चाललं की ते वाजल्याशिवाय खानदेशी घरात नवऱ्याला हळद लागलीय असं कुणाला वाटेना.

मग चेतन दुसऱ्या गायिकेला घेऊन निघून गेला. चॅनल घेऊन गेला. आपल्या लोकांत अशी बातमी पसरायला पेपर लागत नाही, भेस्तानच्या बाईला कळलं की कोसाडला चहा व्हायच्या आत पोचते. मला वाटलं, लोक चेतनला शिव्या घालतील. घातल्याही, दोन दिवस. पण झळ बसली ती चंचलला, आणि तीही अशी की मी चक्रावूनच गेलो.

आमच्याकडे हळदीच्या दिवशी पाच सवाष्णी जात्याला हात लावतात, हळकुंडं दळतात आणि गाणी म्हणतात. विधवा, नवऱ्यानं टाकलेली, अशी बाई तिथे बसत नाही. ती आत भाकरी थापते. तिला कुणी ऊठ म्हणत नाही, तीच आधी उठून जाते. आता हा नियम जात्यापुरता होता. पण कुणाच्या तरी डोक्यात आलं की चंचलचा आवाजही हळदीत नको. एका घरात म्हातारीनं डीजेवाल्याला ते गाणं बंद करायला लावलं, मग दुसऱ्या घरात, मग डीजेवाल्यांनी आपणहूनच ते काढून टाकलं. वरातीत मात्र तिची सगळी गाणी धडाक्यात चालू. नाचायला चंचल चालत होती, हळदीला चालत नव्हती.

त्या दिवसांत एका दुपारी ती माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला, पण वेणी तशीच.

"पंडितभाऊ, नवी गाणी करनी शेतस," ती म्हणाली. "सगळी हयदनी. दळापासून ते हयद धवापर्यंत. एक आखं लगन."

मी तिला सरळ विचारलं, डोकं फिरलंय का तुझं? जे गाणं होतं ते लोकांनी बंद केलं, आणि तू तसलीच आणखी गाणार? नाचाची कर, मी उद्या लावतो, चार दिवसांत पोरं उचलून धरतील.

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मना नवरा मरेल नही. मंगळसूत्र गयामा शे. तरी मी सवासीन नही. मंग मी काय शे, ते तरी सांगा." ती पुढे म्हणाली, "किती लोके ऐकतीन ते माले नही मोजनं. ज्या दिन माले हयदले बलावतीन आनि जाताजवय बसाडतीन, त्या दिन मी म्हनसू का गाणं चालनं."

जात्याजवळ जागा, एवढं एकच तिला हवं होतं. मला ते वेड्यासारखं वाटलं, पण मी हो म्हणालो. माझ्या हो म्हणण्याला काही उदात्त कारण नव्हतं. तिचा आवाज माझ्या माइकला आवडतो.

पहिल्याच पायरीला ठेच लागली. हळदीचं गाणं एकटीचं नसतं, त्याला मागे बायका लागतात. आमच्याकडे कोरसला वर्षानुवर्षं उषाबाई आणि तिच्या मैत्रिणी येतात. उषाबाई दिवसा साड्यांना खडे चिकटवते आणि बोलावलं की गायला येते. गळा कडक, तोंड त्याहून कडक. तिला निरोप धाडला, तर ती एकटीच आली आणि जिन्यातच उभी राहिली.

"पोर मनी लाडकी शे, भाऊ," ती खाली बघत म्हणाली. "पन मनी आंडेरनं लगन शे यंदा. हयदनं गाणं, आनि तिनासंगे? लोके नावं ठेवतीन. दुसरं काईबी सांगा, येसू."

तिच्या पोरीचं लग्न, तेव्हा मी तिला काय बोलणार? पण आतून चंचलनं सगळं ऐकलं होतं. मी आत गेलो तर ती माइकसमोर उभी. म्हणाली, "पाच लागतस ना? मी करस पाच."

मला वाटलं, एकाच आवाजाचे पाच थर लावायला सांगतेय. तसं आम्ही नेहमी करतो, त्यानं आवाज जाड होतो, एवढंच. तिनं मान हलवली. पाच वेगळ्या बाया, म्हणाली. आणि बांगड्या काढायच्या नाहीत. त्यावरून आमचं जुंपलं. मी म्हणालो, बांगडी वाजली तर टेक फुकट. ती म्हणाली, सवाष्णींच्या हातात बांगड्या वाजल्या नाहीत तर त्या कसल्या सवाष्णी? शेवटी मीच गप्प बसलो, आणि मी गप्प बसतो हेच मुळात नवल आहे.

तिनं एकेक बाई उभी केली. पहिली होती थोरली जाऊ, प्रत्येक ओळ आपल्याच घरातली असल्यासारखी गाणारी. दुसरी गेल्या वर्षीच लग्न झालेली, तिला ओळीच्या शेवटी हसू आवरायचं नाही. एक फुरंगटलेली आत्या, मानपानावरून नाराज, शब्द दातांतून तोडून टाकणारी. एक अगदी म्हातारी. आणि एक अशी, जी दर वेळी इतरांच्या मागून, थोडी उशिरा सुरात यायची.

त्या शेवटच्या बाईवरून मी पुन्हा भडकलो. ताल चुकतोय, मी म्हणालो, मी कॉम्प्युटरवर ओढून जागेवर आणतो.

"नका आनू," चंचल म्हणाली. "तिनं दूध चुल्हावर शे. दखीसन येस ती."

ते ती चेष्टेत म्हणाली नव्हती. तिला ती चूल दिसत होती. मी तो आवाज होता तसाच ठेवला.

हे सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. तिचं घर मोडत होतं आणि त्यातच ती गाणी करत होती. कधी सासरचे लोक खोली खाली कर म्हणून येऊन बसायचे, कधी वकिलाकडे जावं लागायचं. एकदा रेकॉर्डिंग चालू असताना चेतनचा फोन आला. तिनं स्पीकरवरच घेतला, हात कामात होते म्हणून. त्यानं थंडपणे सांगितलं की ते जुनं हळदीचं गाणं तो नवीच्या आवाजात पुन्हा करतोय, तुला सांगून ठेवतो, नंतर तमाशा नको. ती फक्त "बरं" म्हणाली. मग गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं. खात्याच्या धडधडीत मला काही ऐकू आलं नाही, पण माणूस रडतोय हे कळायला ऐकावं लागत नाही. मी मशीन बंद करायला लागलो.

ती आत आली तेव्हा डोळे सुजलेले, आणि घसा पार बसलेला. मी म्हणालो, जा घरी, आज राहू दे.

"नही," ती म्हणाली. आवाज खरखरीत, फाटका. "घसा बसना ते बरं झाय. आज म्हातारीनं करी लेऊत."

आणि ती गायली. पदर डोक्यावरून ओढला, गालात सुपारी धरली आणि त्या रडून बसलेल्या घशातून एक म्हातारी बाहेर आली. नवरीला दटावणारी, मधेच स्वतःशी पुटपुटणारी, अख्खं आयुष्य चुलीच्या धुरात गेलेली. वीस वर्षं मी गाणारे ऐकतोय. बरे ऐकले, चांगले ऐकले, दोनतीन फार चांगले ऐकले. पण अंगावर कोसळलेली गोष्ट त्याच क्षणी उचलून कामाला लावणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मला तिची रीतच कळली. रडून घसा बसला की म्हातारीचं काम. रात्रभर झोप नसली की फुरंगटलेली आत्या, कारण तेव्हा तिला प्रत्येक शब्दाचा राग यायचा. मनानं कुठेतरी दुसरीकडेच हरवलेली असली की ती उशिरा येणारी बाई. फक्त ती हसणारी पोर ती कुठून आणायची, ते मला आजवर उमगलेलं नाही. जिच्या घरात त्या महिन्यांत हसण्यासारखं काही नव्हतं, तिला ते खुदकन येणारं हसू कुठून मिळत होतं? मी एकदा विचारलं. म्हणाली, "ती मी शे. लगनना टाईमले अशीच व्हतू."

सगळे आवाज एकत्र लावून पहिल्यांदा ऐकलं ती दुपार मी विसरणार नाही. काचेपलीकडे ती एकटी स्टुलावर बसून पाणी पीत होती, आणि माझ्या कानात पाच बायका जात्याभोवती बसून हळद दळत होत्या. एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, बांगड्या वाजत होत्या, एकीचं दूध उतू जात होतं. मी खरंच मागे वळून पाहिलं. मग हेडफोन काढून ठेवले. भीती वाटली म्हटलं तरी चालेल. देवळात गाभाऱ्यात एकट्यानं उभं राहिलं की वाटते तशी.

तिला तेवढंच म्हणालो, "ठीक झालंय." माझ्या तोंडून याहून जास्त कौतुक निघत नाही, हे तिला माहीत होतं.

नाव घालू नको, हे मीच सुचवलं. चंचल म्हटलं की गाणं दारातच अडवतील. तिनं विचार केला आणि म्हणाली, गाणं घरात जाऊ दे पहिले. माझ्या चॅनलवर 'पाचजणी' एवढ्याच नावानं ती सगळी गाणी लावली. फोटोत एक जातं आणि त्यावर बांगड्या भरलेला एक हात.

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या लग्नसराईत दुसरं काही वाजलंच नाही. डीजेवाले हळदीला आवाज कमी करून गाणं लावू लागले, कारण बायकांना त्याच्यासोबत म्हणायचं असायचं. ज्या म्हाताऱ्यांनी चंचलचं गाणं बंद पाडलं होतं, त्याच सांगू लागल्या की बघा, याला म्हणतात हळदीचं गाणं, खऱ्या पाच सवाष्णी बसवल्यात, त्या टाकलेल्या पोरीसारखं नाही. दुसऱ्या गायकांनी ते उचललं. आज कुठलंही नवं हळदीचं गाणं ऐका, त्यात एक बाई उशिरा येते. का येते ते त्यांना माहीत नाही, पण तिच्याशिवाय गाणं आता पोरकं वाटतं.

मजा म्हणजे उषाबाई भांडायला आली. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. इतकी वर्षं आम्ही गायलो आणि तुम्ही बाहेरून बायका आणल्या? ती म्हातारी नंदुरबारकडची आहे, मी ओळखलं, पण ती उशिरा येणारी कोण, तिला तालाचं काही कळतं का? मी हसू दाबून म्हणालो, शिकेल हळूहळू. चंचल तेव्हा आतच होती. ती मात्र हसली नाही. गाणं घराघरात गेलं होतं आणि ती अजून बाहेरच होती.

मग एक दिवस भेस्तानहून शुभम नावाचा पोरगा आला. त्याचं लग्न होतं. त्याची आजी धुरपदाबाई हट्टाला पेटली होती, हळदीला त्या पाचजणीच हव्यात, आणि त्यांतली म्हातारी तर हवीच, तिला भेटायचंय. मी बहाणे सांगायला लागलो. एक आजारी, एक गावाला गेलेली. चंचल आतून बाहेर आली आणि म्हणाली, "येतस त्या. सांग आजीले."

शुभमनं तिला ओळखलं. तिच्याकडे बघत बघतच जिना उतरला. मी तिला म्हणालो, तिथं जाऊन काय सांगणार आहेस? ती म्हणाली, "जे शे ते." इतक्या मुश्किलीनं उभं राहिलेलं गाणं एका संध्याकाळी लोक उखडून टाकतील, आणि तिला पुन्हा आत भाकरी थापायलाही कुणी बोलावणार नाही, अशी माझी खात्रीच होती.

भेस्तानला दोन बिल्डिंगच्या मधे मांडव घातला होता. पाटावर जातं, त्याला आंब्याची पानं बांधलेली, भोवती पाच बायका बसलेल्या. त्यांत उषाबाईही होती, मुलाकडची लांबची नातेवाईक म्हणून. धुरपदाबाई मांडवात नव्हती. ती तळमजल्याच्या दारात खुर्चीवर बसली होती. नवरा जाऊन तिला खूप वर्षं झाली होती. नातवाच्या हळदीत कोणी काय करायचं हे सगळं ती तिथूनच सांगत होती, हात मात्र कशालाच लावत नव्हती.

आम्ही दोघं आलेले पाहून उषाबाईच्या भुवया वर गेल्या. मांडवात कुजबूज सुरू झाली. डीजेवाल्यानं हळूच आवाज बंद केला.

"तू चंचल ना?" धुरपदाबाई म्हणाली. "बाकीन्या कोठे शेतस?"

"कोनी नही, माय. पाची मीच शे."

लोक हसले. तेव्हा चंचल तिथेच उभी राहून गायला लागली. आधी थोरली जाऊ, मग ती हसरी पोर, मग आत्या. हसणं थांबलं. उषाबाईनं तोंडावर हात धरला आणि तो तसाच राहिला. उशिरा येणारी बाई आली तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई "अगं माय" म्हणून खालीच बसली. माझ्याच खोलीत झालेलं ते सगळं, तरी माझेही डोळे भरून आले. माइक नाही, मशीन नाही, आणि एका गळ्यातून बायका निघतायत.

"आनि ती म्हातारी?" धुरपदाबाईनं विचारलं.

चंचल थांबली. "ती रोज येत नही, माय. मी रडनू का येस ती. घसा बसना म्हंजे."

धुरपदाबाई तिच्याकडे बघत राहिली. जात्याजवळच्या बायकांनी हात मागे घेतले होते, आणि त्या आता दाराकडे पाहत होत्या, काय सांगते याची वाट बघत.

"मी पाच ऐक्यात," धुरपदाबाई शेवटी म्हणाली. "पाची उन्यात. सरका जराशा, बसाडा तिले."

ऐकलेल्या पाचही आल्या, तिच्या लेखी हिशेब पुरा झाला होता. मग उषाबाई सरकली. तिनं आपल्या शेजारची जागा हातानं झाडली आणि चंचलला मनगट धरून खाली बसवलं. धुरपदाबाई स्वतः दारातच बसून राहिली.

चंचलनं जात्याच्या खुंट्याला हात लावला. हळकुंडं कडकड वाजली. तिनं गाण्यासाठी तोंड उघडलं आणि आवाज निघेना. थोरलीचा नाही, पोरीचा नाही, म्हातारीचासुद्धा नाही. इतके महिने कसल्याही घशानं गाऊन दाखवणारी बाई, तिला एक ओळ म्हणता येईना.

उषाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि पहिली ओळ उचलली. लगेच दुसरीनं धरली, मग बाकीच्यांनी, आणि मागे उभ्या असलेल्या बायकाही म्हणू लागल्या. सगळ्यांना सगळं पाठ होतं. चंचल खाली मान घालून जातं ओढत राहिली आणि तिची गाणी बाकीच्या बायका म्हणत राहिल्या.